‘पाचारण’ : रेव्ह. टिळकांना आपला सूर कसा सापडला?

कुमारी, द्वितीय वर्ष कला

‘बी. ए. झाल्यावर पुढे काय?’ हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाला कोणी ना कोणी विचारलेला असतोच. घरचे विचारतात, पाहुणे विचारतात, आणि परीक्षा जवळ आली की आपण स्वतःलाही विचारू लागतो. या प्रश्नाचे उत्तर आपण बहुधा एकाच प्रकारे देतो : डी. एड., बी. एड., बँकेची परीक्षा, स्पर्धा परीक्षा, नाहीतर ‘बघू’. म्हणजे प्रश्न ‘काय करायचे’ असा असला तरी उत्तर मात्र ‘कोठे चिकटायचे’ याचे असते.

मराठी बायबलमध्ये या संदर्भात एक सुंदर शब्द येतो. तो म्हणजे ‘पाचारण’. पाचारणे म्हणजे बोलावणे, हाक मारणे. माणूस आपले काम निवडतो असे न मानता, कामच माणसाला हाक मारते, देव त्या कामासाठी त्याला बोलावतो, अशी त्यामागची कल्पना आहे. पूर्वी युरोपात हा शब्द फक्त धर्मगुरू व मठवासी यांच्यापुरता वापरला जाई. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने तो सामान्य माणसाच्या दारात आणून ठेवला. चांभाराचे, शेतकऱ्याचे, घरातल्या बाईचे कामही पाचारणच, असे त्याने सांगितले. याच ल्यूथरने लोकांना त्यांच्या स्वतःच्या जर्मन भाषेत देवळात गायला लावले. त्याच्या गीतांची पहिली पुस्तके १५२४ साली छापली गेली. स्वतःचे काम आणि स्वतःच्या भाषेतले गाणे या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने आग्रहाने मांडाव्यात, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

पाचारणाविषयी आपली एक समजूत असते. एखाद्या रात्री स्वप्न पडावे, वीज चमकावी आणि सारे लख्ख दिसावे, असे काहीसे आपल्याला वाटते. बायबलमधली शमुवेलाची गोष्ट मात्र वेगळे सांगते. लहानग्या शमुवेलाला रात्री हाक ऐकू येते. तो तीनदा उठून म्हाताऱ्या एलीकडे धावतो. त्याला वाटते, गुरूच बोलावत आहेत. हाक खरी होती, पण ती कोणाची हे कळायला वेळ लागला. मराठी साहित्यात आणि मराठी ख्रिस्ती मंडळीत याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. शाळेतल्या पुस्तकातून ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु त्यांना ख्रिस्त भेटला १८९५ पूर्वी आणि स्वतःचा सूर सापडला त्यानंतर कितीतरी वर्षांनी. या मधल्या वर्षांचा विचार फारसा कोणी करीत नाही. म्हणून हा लेख.

भटकंतीची वर्षे

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. लहानपणीच आई गेली. वडिलांशी पटले नाही. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला. १८८० साली लक्ष्मीबाईंशी लग्न झाले. पुढची बरीच वर्षे म्हणजे नुसती भटकंती. आज येथे शिक्षक, उद्या तेथे आणखी काही. नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्याकडे संस्कृत ग्रंथांचे काम केले, ‘ऋषि’ नावाचे मासिक चालविले, कविता केल्या, व्याख्याने दिली. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली असतील त्यांना हा काळ आठवेल. घरात पैसा टिकत नाही, नवरा एका गावात टिकत नाही, आणि तरीही माणूस बुद्धिमान, मोठ्या मनाचा. आजच्या भाषेत बोलायचे तर या माणसाचे ‘करिअर’ काही होत नव्हते.

१८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपियन गृहस्थाशी त्यांचे बोलणे झाले. त्याने त्यांना ‘नवा करार’ भेट दिला. डोंगरावरील प्रवचनापाशी टिळक थांबले. पुढे दोन वर्षे विचारांची घालमेल चालली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत भेंडीबाजारातील अमेरिकन मराठी मिशनच्या मंदिरात रेव्ह. तुकाराम नथोजी या देशी पाळकाच्या हस्ते त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

याची किंमत मोठी होती. आप्तेष्ट दुरावले. लक्ष्मीबाई लहान मुलाला, दत्तूला, घेऊन माहेरच्या माणसांकडे राहिल्या. काही वर्षे नवराबायकोची ताटातूट झाली. पुढे त्या अहमदनगरला आल्या आणि १९०० साली स्वतःच्या मनाने, स्वतःच्या अनुभवाने त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळक नगरला ईश्वरविज्ञानाच्या शाळेत शिकवू लागले. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली.

गोष्ट येथेच संपली असती तर टिळक एक विद्वान मिशनरी कवी म्हणून राहिले असते. श्रद्धा मिळाली होती, नोकरी मिळाली होती, संसारही पुन्हा जुळला होता. मग आणखी काय राहिले होते? राहिला होता सूर.

परका सूर म्हणजे काय?

त्या काळच्या मराठी ख्रिस्ती उपासनेत गायन कसे होते, हे थोडे समजून घ्यावे लागेल. अमेरिकन मिशनरी मुंबईत १८१३ साली आले आणि नगरला १८३१ साली. आपल्या कोल्हापुरात रॉयल वायल्डर १८५२ साली आले. या लोकांनी शाळा काढल्या, पुस्तके छापली, आणि साहजिकच येताना आपल्याबरोबर आपली स्तोत्रेही आणली. त्या इंग्रजी स्तोत्रांची मराठी भाषांतरे झाली आणि ती मूळच्याच विलायती चालींवर गायली जाऊ लागली.

यात अडचण भक्तीची नव्हती. ती चालीची आणि शब्दांची होती. इंग्रजी कवितेचा तोल आघातावर असतो. शब्दातल्या एका अवयवावर जोर पडतो आणि चालीतला ठोकाही तेथेच पडतो. मराठी शब्दात असा ठाशीव आघात नसतो. आपल्याकडे महत्त्व आहे अक्षराला आणि त्याच्या ऱ्हस्वदीर्घपणाला. विलायती स्तोत्राची चाल पक्की ठरलेली असते. एका अवयवाला एक स्वर, आणि कोणता स्वर किती लांबवायचा हेही ठरलेले. ‘सुत’ म्हणजे मुलगा; चालीत ‘सु’ लांबला की झाले ‘सूत’. ‘दिन’ लांबवला की ‘दीन’. अर्थ राहतो एकीकडे आणि चाल जाते दुसरीकडे. अक्षरे आपल्या अभंगातही लांबतात. पण तेथे गाणारा शब्दाकडे पाहून चाल वळवतो, हवे तेथे थांबतो, हवी ती ओळ पुन्हा घेतो. विलायती स्तोत्रात शब्दांनाच चालीमागे धावावे लागते.

दुसरी अडचण पुस्तकाची. एकामागून एक पाचसहा कडवी सर्वांनी एकदम गायची म्हणजे प्रत्येकाच्या हाती पुस्तक हवे आणि ते वाचता यायला हवे. नगर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत जे लोक ख्रिस्ती झाले ते बहुतांशी महार व मांग समाजातले. त्यांना त्या वेळच्या समाजाने शाळेच्या पायरीवरही उभे केले नव्हते. परंतु गाणे मात्र त्यांच्या हाडीमासी होते. एकतारीवरचे भजन, डफ, हलगी, संबळ हे सारे त्यांचेच होते. ज्याच्याजवळ गाण्याचे एवढे भांडार, तोच माणूस मंदिरात येऊन ओठ मिटून बसायचा. कारण तेथले गाणे त्याचे नव्हते.

आधीच्या वाटा

हा प्रश्न टिळकांनीच पहिल्यांदा ओळखला असे मात्र नाही. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्र्याने गोव्यात राहून ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ आहे. परदेशी माणसाने मराठीची ओवी आपलीशी केली, हे आपण अभिमानाने वाचतो. पण त्याहून महत्त्वाचे असे की, ख्रिस्ताची कथा मराठी माणसाला त्याच्या पुराणाच्या चालीवरच ऐकवली पाहिजे, हे त्याने ओळखले होते.

नगरला कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा घातली. कीर्तनाचा साचा तोच : पूर्वरंगात विषयाचे निरूपण, उत्तररंगात आख्यान, मध्ये मध्ये साकी, दिंडी, ओवी, पदे. आख्यान मात्र उधळ्या पुत्राचे, नाहीतर योसेफाचे. लोक रात्र रात्र बसून ऐकत. म्हणजे वाट पाडलेली होती. त्या वाटेवरून आयुष्यभर चालणारा मोठा कवी तेवढा हवा होता.

तुकारामाच्या वाटेने

टिळक मूळचेच कवी. त्यांच्या ‘वनवासी फूल’सारख्या कवितेने मराठीत नाव मिळवले होते, बालकवी ठोमऱ्यांसारख्या तरुण कवीला त्यांनी आपल्या घरात मुलासारखे ठेवले होते. परंतु संस्कृत वृत्तांत लिहिणारा विद्वान कवी आणि मंदिरात बसलेल्या निरक्षर बाईच्या तोंडी बसणारे गीत लिहिणारा कवी यांत फार अंतर असते. हे अंतर टिळकांनी ओलांडले ते ज्ञानेश्वर, नामदेव आणि विशेषतः तुकाराम यांच्या आधाराने. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचे ते बोलत असत. ज्या संतांना सोडून आपण आलो असे लोकांना वाटत होते, त्यांनीच आपल्याला येथवर आणून पोहोचवले, हे त्यांना उमगले होते.

तुकारामाच्या अभंगाची घडण पाहिली म्हणजे टिळकांनी हेच माध्यम का धरले ते समजते. मोठ्या अभंगात चार चरण : पहिले तीन सहा सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा, दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत यमक. लहान अभंगात आठ आठ अक्षरांचे दोन चरण. येथे फक्त अक्षरे मोजायची. ऱ्हस्वदीर्घाचे कडक बंधन नाही. त्यामुळे बोलण्यातले साधे वाक्य जवळजवळ जसेच्या तसे अभंगात बसते. गाण्याची रीतही सोपी. पुढचा एक ओळ म्हणतो, मागचे ती उचलतात, आणि धृपद फिरून फिरून येते. पुस्तक नसले तरी चालते. तिसऱ्या वेळेला ओळ पाठ होते आणि चौथ्या वेळेला ती आपलीच वाटू लागते. हाक आणि ओ, हाक आणि ओ, असा हा क्रम. भजनाची ही रीत आणि ‘पाचारण’ हा शब्द यांत मला तरी फार अंतर दिसत नाही.

टिळकांनी नुसती चाल घेतली नाही. त्या चालीबरोबर येणारा जिव्हाळाही घेतला. वारकऱ्याचा विठ्ठल ‘माउली’ असतो. टिळकांच्या गीतांतला ख्रिस्तही आई होऊन येतो, गुरू होऊन येतो. सिंहासनावर बसलेल्या राजापेक्षा हा ख्रिस्त मराठी माणसाला जवळचा वाटला. ‘अभंगांजली’तून, भजनांतून, कीर्तनांतून ही गीते पसरली. ‘ज्ञानोदय’ या १८४२ साली नगरला सुरू झालेल्या पत्राच्या मराठी विभागाचे संपादन ते १९१२ पासून अखेरपर्यंत करीत होते. मराठी मंडळ्यांत आजही वापरल्या जाणाऱ्या ‘उपासना संगीत’ या पुस्तकात सर्वांत मोठा वाटा टिळकांचाच आहे.

आक्षेप

या मार्गाला विरोध झाला नसता तरच नवल. एकीकडे जुन्या समाजाला टिळक ‘बाटलेले’ वाटत. दुसरीकडे काही ख्रिस्ती लोकांना शंका येई की, टाळ-मृदंगाच्या मागोमाग जुना धर्मही मंदिरात परत येईल.

आणखी एक आक्षेप आहे आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. गावगाड्यात ज्यांना वाजंत्रीचे काम जन्माने चिकटवलेले होते, दुसऱ्याच्या लग्नात हलगी वाजवायची आणि स्वतः मात्र मांडवाबाहेर उभे राहायचे अशी ज्यांची स्थिती होती, त्यांना मंदिरातला ऑर्गन म्हणजे सुटका वाटली असेल. ‘आम्ही ते सारे मागे टाकून आलो, आता पुन्हा तेच वाद्य हाती का देता?’ असे त्यांनी विचारले तर त्यात चूक काय? ब्राह्मण टिळकांना परंपरा ही प्रेमाने आठवण्याची गोष्ट होती. दुसऱ्या कोणाला तीच परंपरा जखमेसारखी आठवत असेल.

या प्रश्नाला सोपे उत्तर नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. जी हलगी हुकुमावरून वाजवावी लागे तीच आपल्या देवापुढे आपल्या इच्छेने वाजवणे, यात वाद्य तेच राहिले तरी वाजवणारा बदलतो. पूर्वी तो मांडवाबाहेर होता, आता तो मांडवाच्या मध्यभागी आहे. आपला सूर टाकून देणे हा मुक्तीचा एक मार्ग असेल. तो सूर परत आपल्या मालकीचा करणे हा दुसरा मार्ग आहे. टिळकांनी दुसरा दाखवला. कोणी कोणता घ्यावा हे मात्र ज्याचे त्यानेच ठरवायचे.

शेवटची दोन वर्षे

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला. संन्यस्त वृत्तीने राहायचे ठरवून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. ज्यांनी बाप्तिस्मा घेतला आहे आणि ज्यांनी घेतलेला नाही, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांचे ते बंधुमंडळ होते. त्या वेळी त्यांचे वय छप्पन्नच्या आसपास. आपल्याकडे या वयात माणूस पेन्शनचा हिशोब करू लागतो. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य अपुरे राहिले. त्याचे जवळजवळ सगळे पुढचे अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्या बाईने शाळेचे तोंड पाहिले नव्हते, तिने नवऱ्याचे महाकाव्य पुढे नेले आणि वर ‘स्मृतिचित्रे’सारखे पुस्तक मराठीला दिले. हे लक्ष्मीबाईंचे पाचारण होय. त्यावर एक स्वतंत्र लेख लिहावा लागेल.

आपल्या कोल्हापुरात

कोल्हापूर ही तर सुरांचीच नगरी. अल्लादिया खाँसाहेब येथे शाहू महाराजांच्या आश्रयाला राहिले, केशवराव भोसले येथले, देवल क्लबची परंपरा शंभराहून अधिक वर्षांची, आणि खेड्यात गेलात तर प्रत्येक गावात भजनी मंडळ. याच शहरात वायल्डरसाहेबांच्या नावाचे वायल्डर मेमोरियल चर्च आहे, आणि आसपासच्या गावांत लहान लहान मंडळ्या आहेत. तेथे रविवारी पेटी, ढोलकी आणि टाळ यांवर गाणी होतात.

माझी आजी अशाच एका मंडळीतली. तिला अक्षरओळख नाही. पण ‘उपासना संगीत’मधली पन्नाससाठ गीते तिला तोंडपाठ आहेत. त्यांतली कोणती टिळकांची हे तिला ठाऊक नाही, आणि ते ठाऊक असण्याची तिला गरजही वाटत नाही. मी कॉलेजात येऊन टिळकांवरची टिपणे काढली, तेव्हा मला कळले की ज्या कवीचा मी अभ्यास करते तो आमच्या घरात माझ्या आधी साठ वर्षे राहत आहे. कवीला याहून मोठे पारितोषिक काय असणार?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. माझ्यासारखे अनेकजण या वर्गात आहेत. येथे आल्यावर पहिल्या वर्षी आपण काय करतो? आपली बोली लपवतो. ‘काय करायलाईस’ हे ओठांवर आलेले गिळून ‘काय करते आहेस’ म्हणतो. प्रमाण भाषा शिकलीच पाहिजे. टिळकही संस्कृत शिकले, इंग्रजी शिकले, त्याचा त्यांना पुढे उपयोगच झाला. पण शिकलेल्या भाषेत आपण दुसऱ्याचेच बोलणे म्हणत राहिलो तर आपली अवस्था त्या ओठ मिटून बसलेल्या माणसासारखी होईल. शिक्षणाने नवा आशय द्यावा, आणि तो आपण आपल्या गळ्यातून गावा.

टिळकांच्या चरित्रावरून मला एवढेच समजले आहे : पाचारण म्हणजे आपल्याला नसलेला आवाज मिळणे नव्हे. श्रद्धा बाहेरून, एखाद्या आगगाडीच्या डब्यात, अनोळखी माणसाच्या हातूनही मिळू शकते. सूर मात्र आधीपासून आपल्याच घरात असतो, आईच्या ओवीत, वडिलांच्या भजनात, शेतातल्या गाण्यात. ज्या दिवशी या दोहोंची गाठ पडते त्या दिवशी माणसाला आपले काम सापडते. टिळकांना त्यासाठी अर्धे आयुष्य लागले. तेव्हा विसाव्या वर्षी ‘पुढे काय?’ याचे उत्तर आपल्यापाशी नसेल तर घाबरून जाण्याचे कारण नाही. कान मात्र उघडे ठेवावेत आणि गाणे बंद करू नये.